कावळा, फांदी आणि होकायंत्राची सुई

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत विज्ञानाच्या पदरात जे पडले ते थोडेथोडके नाही. १८०० मध्ये व्होल्टाने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये खारट पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून, सतत वाहणारा विद्युतप्रवाह मिळवला. त्याच वर्षी विल्यम हर्शेलला तांबड्या रंगापलीकडची, डोळ्यांना न दिसणारी उष्णता सापडली. १८०१ च्या पहिल्याच रात्री पालेर्मोच्या वेधशाळेत पियात्सीला सेरेस हा बटुग्रह दिसला. १८१४ मध्ये फ्राउनहोफरने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा टिपल्या. १८२० मध्ये ऑर्स्टेडने वीज आणि चुंबक यांचे नाते उघड केले, आणि १८३१ मध्ये फॅरडेने ते उलट बाजूने सिद्ध केले.

या साऱ्याविषयी एक मत हल्ली मोठ्या ऐटीत मांडले जाते. ते असे: हे शोध कोणी लावले नाहीत, ते लागले. त्या काळची ‘ज्ञानजिज्ञासा’ म्हणजे रिकामटेकड्या धनिकांचा दिवाणखान्यातला खेळ; खेळता खेळता कुणाच्या हाती घबाड लागले, इतकेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तेव्हा जिज्ञासेचे पोवाडे आता पुरे, संशोधकाने पैसे मागण्यापूर्वी शोधाचा उपयोग काय आणि तो केव्हा हाती येईल हे लिहून द्यावे. शोध लागण्याचा मुहूर्तही आधी काढावा, अशी मागणी अजून आलेली नाही. ती याच वाटेवरचे पुढचे स्थानक आहे.

धनिकांचा मुद्दा एका परिच्छेदात निकालात निघतो. फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. रसायनशास्त्रज्ञ डेव्हीची व्याख्याने त्याने एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर ऐकली. डेव्हीचा बाप लाकडावर कोरीवकाम करणारा, डाल्टनचा विणकर. फ्राउनहोफर पोरका, काचकारागिराकडे राबणारा. इंग्लंडचा भूस्तरीय नकाशा १८१५ मध्ये छापणारा विल्यम स्मिथ लोहाराच्या घरचा, आणि चार वर्षांनी कर्जापायी तुरुंगात. मेरी ॲनिंग सुताराची मुलगी. तिने १८२३ मध्ये लाइम रीजिसच्या कड्यातून प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा काढला तो पोटासाठी विकायला. यातला दिवाणखाना कोणाचा, हे योगायोगवाद्यांनी दाखवावे.

त्यांचा खरा हुकमी पत्ता म्हणजे ऑर्स्टेड. कोपनहेगनचा हा प्राध्यापक १८२० च्या वसंतात विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत होता, तारेतून प्रवाह सोडला, शेजारी सहज पडलेल्या होकायंत्राची सुई हलली आणि विद्युतचुंबकत्व जन्माला आले. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच शाळेच्या पुस्तकांतून ती हटत नाही. तिचा एक आधार हान्स्टेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने फॅरडेला लिहिलेले पत्र. पत्राची तारीख डिसेंबर १८५७, म्हणजे घटनेनंतर सदतीस वर्षांनी आणि ऑर्स्टेड वारल्यानंतर सहा वर्षांनी. शिवाय हान्स्टेन १८१४ पासून नॉर्वेत शिकवीत होता. खुद्द ऑर्स्टेडने हयातीत लिहून ठेवले आहे की प्रयोगाची कल्पना आधीच ठरली होती, व्याख्यानापूर्वी तो करून पाहायला सवड मिळाली नाही, आणि म्हणून तो विद्यार्थ्यांसमोरच केला. करणाऱ्याची साक्ष बाजूला सारून जवळजवळ चार दशकांनंतरच्या ऐकीव पत्राला प्रमाण मानण्याची ही पद्धत कोणत्या न्यायशास्त्रात बसते?

बरे, साक्षीपुरावे सोडून देऊ. १८१२ मध्ये जर्मनमध्ये आणि पुढच्या वर्षी फ्रेंचमध्ये निघालेल्या ग्रंथात ऑर्स्टेडने विजेचा चुंबकावर परिणाम होतो का हे तपासून पाहावे असे लिहिले होते. प्रश्न छापून झाल्यावर सात-आठ वर्षांनी त्याचे उत्तर मिळाले, तर त्याला काकतालीय न्याय म्हणत नाहीत. त्याहून अडचणीचा हिशेब पुढेच आहे. व्होल्टाची चळत १८०० ची. पुढची वीस वर्षे युरोपातल्या शहराशहरांत चळती होत्या, तारा होत्या आणि होकायंत्र तर दर्यावर्द्यांपासून भूमापकांपर्यंत सर्वांकडे होते. योगायोगाला एवढे मोकळे रान क्वचितच मिळते. तरी फांदी मोडली ती कावळ्याची वाट पाहत बसलेल्या माणसासमोरच.

आणि त्या वसंतातल्या व्याख्यानात दिसले तरी काय? सुई जेमतेम थरथरली. श्रोत्यांवर त्याचा काही परिणाम झाल्याची नोंद नाही. ऑर्स्टेडलाही खात्री वाटली नाही. त्याने विषय बाजूला ठेवला आणि जुलैमध्ये जबर साधन घेऊन पुन्हा हात घातला. तांब्याच्या वीस चौकोनी पेट्या, त्यांत गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्ल मिसळलेले पाणी, तार तापून लाल होईल इतका प्रवाह. मग सुरू झाले ते खरे काम. तार सुईच्या वर, उत्तर-दक्षिण धरली तर सुईचे टोक एका बाजूला वळते. तीच तार सुईखाली नेली तर उलट बाजूला. तार प्लॅटिनमची, सोन्याची, चांदीची, पितळेची, लोखंडाची घेऊन पाहिली, परिणाम तोच. तार आणि सुई यांच्यामध्ये काच, लाकूड, धातू, पाणी, राळ, मातीचे भांडे, दगड घालून पाहिले. परिणाम अडला नाही. पोलादी सुई काढून पितळेची, काचेची, लाखेची सुई टांगली. ती ढिम्म हलेना. म्हणजे हा उष्णतेचा, हवेच्या झुळुकीचा किंवा साध्या विद्युत आकर्षणाचा खेळ नव्हे, तर तारेभोवती वर्तुळाकार फिरणारी काही तरी क्रिया आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि २१ जुलै १८२० रोजी चार पानी लॅटिन पत्रक छापून युरोपभर धाडले. यातला योगायोग कोणता? काच की लाकूड की लाखेची सुई?

इथे योगायोगवाद्यांच्या एका जुन्या भाऊबंदाची आठवण होणे अटळ आहे. ‘हे सारे आमच्या पोथ्यांत आधीच होते’ असे म्हणणारा तो. दोघांचे वरवर पटत नाही. एकाला भूतकाळाचा अभिमान, दुसऱ्याला तिटकारा. पण दोघांच्याही हिशेबात मधली मेहनत शून्य. एकाच्या मते ज्ञान आयते लिहून ठेवलेले होते, दुसऱ्याच्या मते ते आयते अंगावर पडले. या वादाची दळणे पूर्वी पुष्कळ दळून झाली आहेत, त्यातून पीठ कधी निघाले नाही. त्यापेक्षा त्याच काळात याच देशात चाललेल्या कामाकडे पाहणे बरे. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. १८०८ मध्ये तंजावरला अवजड थिओडोलाइट मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे अंशांकित वर्तुळ वाकले. लॅम्ब्टनने तंबूत बसून, कित्येक आठवडे खपून, ते हळूहळू ताणून पुन्हा गोल केले आणि पुढचे कोन त्याच यंत्राने मोजले. महसुलासाठी आणि फौजांसाठी नकाशे सरकारला हवे होते, हे खरे. पण पृथ्वीच्या वक्रतेचे गणित लॅम्ब्टनला स्वतःसाठी हवे होते. ते करता करताच तो १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला.

पियात्सीचा सेरेस मात्र अनपेक्षित होता, हे मान्य करावे लागते. तो ग्रह शोधत नव्हता, ताऱ्यांची सूची करीत होता. परंतु प्रत्येक ताऱ्याची जागा अनेक रात्री पुन्हा मोजण्याची त्याची शिस्त नसती तर हा एक ‘तारा’ रोज सरकतो आहे हे कळले नसते. गाउसने तोकड्या नोंदींवरून कक्षा मांडली नसती तर तो पुन्हा सापडलाही नसता.

मग जिज्ञासा म्हणजे नेमके काय? आधी विचारून ठेवलेला प्रश्न, उत्तरावर लगेच विश्वास न ठेवण्याची सवय, आणि कळले ते चटकन दुसऱ्यांना सांगणे. शेवटची गोष्ट आज किरकोळ वाटते, तेव्हा ती नव्हती. ऑर्स्टेडचा प्रयोग आरागोने जिनीव्हात पाहिला, ११ सप्टेंबरला पॅरिसच्या अकादमीत करून दाखवला, आणि आठवडाभरातच ॲम्पिअर आपले पहिले निष्कर्ष वाचायला उभा राहिला. महिनाअखेरीपूर्वी दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात किंवा ढकलतात हेही त्याने दाखवले.

उपयोगाची तारीख मागणाऱ्यांसाठी शेवटचा दाखला फॅरडेचा. १८२१ पासून त्याला हा विषय लागला. १८२५ मध्ये एका तारेतल्या प्रवाहाने शेजारच्या तारेत प्रवाह उठतो का हे त्याने पाहिले. काही आढळले नाही. त्याच वर्षी जिनीव्हात कोलॅडनने चुंबक आणि वेटोळे घेऊन तसाच प्रयत्न केला, पण चुंबकाचा परस्पर परिणाम होऊ नये म्हणून मोजणीची सुई त्याने दुसऱ्या खोलीत ठेवली. तो चालत तिथे पोहोचेपर्यंत सुई जागेवर आलेली असे. घटना घडली होती, शोध लागला नव्हता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली आणि प्रवाह जोडताना व तोडताना, तेवढ्याच क्षणी, सुई हलते हे टिपले. या सगळ्या वर्षांत त्याने ‘उपयोग’ आणि ‘मुदत’ या रकान्यांत काय भरायचे होते? लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये लोकांना वीज पुरवणारी केंद्रे १८८२ मध्ये सुरू झाली. फॅरडेला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.