पेटीचं पोट फाडू नका

अमेरिकेत राहणाऱ्या, किंवा लेकीसुनांकडे सहा-सहा महिने मुक्कामाला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. तिथल्या जुन्या बाजारांत, गराज सेलमध्ये तुम्हाला कधीतरी एक क्रोमची पेटी दिसेल. दोन्ही हातांत उचलावी लागेल अशी जड. वर काच, काचेआड पुस्तकासारखी उलटणारी पानं, पानांवर गाण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, खाली बटणांच्या रांगा आणि नाणं टाकायची फट. तिला वॉलबॉक्स म्हणतात. घासाघीस करून घ्या, माझी ना नाही. पण घरी आणल्यावर लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढू नका, त्याआधी माझं थोडं ऐका.

मी ऐकवायला बसलोय, कारण हे पाप मी एकदा केलं आहे. आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ बंद पडून वर्षं झाली होती. मी त्याच्यातली सगळी यंत्रणा उपटून भंगारात दिली आणि नुसत्या लाकडी खोक्यात ब्लूटूथचा स्पीकर बसवला. दोन दिवाळ्या वाजला. मग त्या स्पीकरची बॅटरी गेली, आणि आता घरात एक रिकामं खोकं आहे. व्हॉल्व्ह तापल्यावर येणारा धुळीचा वास, स्टेशन लागताना व्हायची ती शिट्टी, काही उरलं नाही. मूळ रेडिओ दुरुस्त होण्यासारखा होता, हे मला नंतर एका जुन्या मेकॅनिकने सांगितलं. आधी विचारलं असतं तर!

तर वॉलबॉक्स. आमच्या तरुणपणी मुंबई-पुण्याच्या काही इराणी हॉटेलांत ज्यूकबॉक्स असायचा. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, आणि एका मस्का-पावावर तीन गाणी होईपर्यंत बसून राहायचं. अमेरिकेतल्या डायनरांत त्याच्या पुढची सोय होती. मोठा ज्यूकबॉक्स कोपऱ्यात उभा, आणि प्रत्येक टेबलाशी भिंतीवर एक वॉलबॉक्स. गिऱ्हाइकाने जागेवरून उठायचं नाही, तिथेच नाणं टाकायचं. शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९४८ साली एम१००ए नावाचा ज्यूकबॉक्स काढला. ७८ फेऱ्यांच्या ५० तबकड्या, दोन्ही बाजू वाजवणारा, म्हणजे १०० गाणी. १९४९मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली, आणि १९५०च्या एम१००बीमध्ये सीबर्गने तीच घेतली. या १०० गाण्यांच्या जमान्यातला वॉलबॉक्स म्हणजे ‘वॉल-ओ-मॅटिक १००’, मॉडेल ३डब्ल्यू१. जुन्या बाजारात बहुतेक वेळा हाच हाती लागतो. ए ते के अशी दहा अक्षरं (आय गाळलेला, १ च्या आकड्याशी गल्लत नको म्हणून असावं) आणि दहा आकडे. दहा दाहे शंभर.

आता खरी गंमत. या पेटीत गाणं नसतं. तबकडी नसते, सुई नसते, स्पीकरसुद्धा नसतो. ती फक्त निरोप्या आहे. तुम्ही ‘सी’ आणि ‘४’ दाबलं की आतली छोटी मोटर एका पात्याला फिरवते. ते पातं गोलात मांडलेल्या धातूच्या टिकल्यांवरून घासत जातं आणि तारेवरून विजेचे ठोके पाठवतं. आधी ठोक्यांचा एक गट, मग जराशी उसंत, मग दुसरा गट. कोपऱ्यातला ज्यूकबॉक्स ते ठोके मोजतो आणि नेमकी तबकडी उचलतो. आपला जुना डायलचा फोन आठवा. सातावर बोट घालून चकती सोडली की ती परत येताना सात वेळा कट-कट करायची आणि एक्स्चेंज ते मोजायचं. जात तीच.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की ही पेटी डिजिटल करायला तिच्यातलं काहीही काढावं लागत नाही. ती सत्तर वर्षांपूर्वी जे बोलत होती तेच आजही बोलेल. बदलायचा आहे तो तारेच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकणारा. तिथे ज्यूकबॉक्सच्या जागी रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या जोडाएवढा कॉम्प्युटर बसवायचा. त्याने ठोके मोजायचे आणि आपल्या साठ्यातलं गाणं स्पीकरवर लावायचं. आमचे जावई पहिल्या दिवशी म्हणाले, ‘‘बाबा, आतलं सगळं काढून टाकू आणि काचेमागे टॅब्लेट बसवू, तासाभराचं काम.’’ तासाभराचं आहे, खरं आहे. पण मग ती पेटी न राहता टॅब्लेटची फ्रेम होते, आणि तीन-चार वर्षांनी तो टॅब्लेट जुना झाला की तुमच्या घरातही एक रिकामं खोकं.

विकत घेताना झाकण उघडून आत पाहा. किल्ली हरवलेली असेल तर विकणारा ‘ड्रिल मारून उघडा’ म्हणेल. मारू नका, कुलपं करणाऱ्याकडे न्या. आत मोटर आणि टिकल्यांची चकती जागेवर असली की बाकी सगळं निभावतं. क्रोम काळवंडलंय, चिठ्ठ्या पिवळ्या पडल्यात, याला भिऊ नका. बटण अडकत असेल तर जोर मात्र करू नका. जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं असतं आणि आतले ओतीव भाग ठिसूळ असतात, तुटले की तुटले. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापडाने आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू साफ करा, एक-दोन संध्याकाळी जाऊ द्या. टिकल्यांवर पॉलिश पेपर कधीही घासू नका. आणि तारांवरचं जुनं वेष्टण बोटाने चुरलं जात असेल तर तेवढ्या तारा बदलून घ्या. याला मी पोट फाडणं म्हणत नाही.

विजेचं मात्र कान देऊन ऐका. ही पेटी थेट भिंतीच्या प्लगवर चालत नाही. तिला सुमारे २५ व्होल्ट लागतात, तेही एसी. मॉडेलच्या नावातलं ३डब्ल्यू म्हणजे तीन तारा: एक सामाईक, एक वीज नेणारी, एक निरोपाची. कुठली कुठली ते रंगावरून ठरवू नका. सत्तर वर्षांत कोणी काय जोडलं असेल सांगता येत नाही, मल्टिमीटरनेच ठरवा. पेटी भारतात आणणार असाल तर अमेरिकेतला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सोबत आणूच नका. आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. इथे पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘१२-०-१२, तीन अँपिअर’ एवढं म्हटलं की दुकानदार पुढचं विचारत नाही. त्याच्या कडेच्या दोन तारांमध्ये २४ व्होल्ट मिळतात, पेटीला तेवढे पुरतात. मधली तार टेप लावून बाजूला ठेवायची. प्लगच्या बाजूला फ्यूज हवाच. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायची सवय नसेल तर एवढा भाग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, त्यात कसला कमीपणा आलाय?

दुसरा धोका पेटीला नाही, तुमच्या नव्या कॉम्प्युटरला आहे. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. पाच व्होल्टही त्यांना सोसत नाहीत, मग निरोपाच्या तारेवरचे पंचवीस कुठून सोसणार? पहिला पाय मी असाच घालवला. धूर नाही, आवाज नाही, नुसता गप्प झाला. मधे ऑप्टोकपलर टाका, पीसी८१७ किंवा ४एन२५ कुठलाही चालेल. चार पायांचा किंवा सहा पायांचा, चिंचोक्याएवढा तुकडा. त्याच्या एका बाजूला आत दिवा, दुसऱ्या बाजूला त्या दिव्याकडे बघणारा डोळा, मधे तारेचा संबंधच नाही. पंचवीस व्होल्ट अलीकडे राहतात, निरोप तेवढा पलीकडे जातो. दिव्याच्या आधी डायोडचा ब्रिज, लहानसा कपॅसिटर आणि ३.३ किलोओहमचा एक वॅटचा रेझिस्टर लावा. कपॅसिटर यासाठी की एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा शून्यावर येतो, आणि तो नसेल तर कॉम्प्युटर एका ठोक्याचे पाच-सहा मोजतो. तो फार मोठाही नको, नाहीतर दोन ठोके एकमेकांत मिसळतात. एक मायक्रोफॅरडपासून सुरुवात करून बघा.

प्रोग्रामबद्दल फार सांगत नाही. घरातलं इंजिनिअरिंगचं पोर एका रविवारी लिहून देईल. त्याला इतकंच सांगा, की धातूवर धातू घासताना बारीक थरथर होते, तेव्हा एक ठोका मिळाल्यावर पुढचे काही मिलिसेकंद कान बंद ठेव. आणि कुठे तरी मिळालेला आकड्यांचा तक्ता डोळे मिटून उतरवू नकोस. अक्षराचे ठोके आधी आणि आकड्याचे नंतर, इतकं सरळ गणित या पेटीत नसतं. आम्ही वही घेऊन बसलो. नात बटणं दाबायची, पडद्यावर दोन संख्या उमटायच्या, मी लिहायचो. शंभर बटणजोड्यांना दोन चहा लागले. दोन-तीन जोड्या दर वेळी वेगळा आकडा द्यायच्या, तिथे टिकलीवर मळ निघाला. हा तक्ता म्हणजे आमच्या पेटीची जन्मपत्रिका, दुसऱ्या पेटीला ती लागू पडेलच असं नाही.

नाण्याची फट बंद करू नका, ही माझी हट्टाची विनंती. पुष्कळ जण आत एक तार जोडून पेटीला कायमचं ‘पैसे मिळाले’ असं सांगून टाकतात. मग बटणं दाबत राहतात, आणि दहा मिनिटांत कंटाळतात. नाणं टाकलं की ते आत घरंगळतं, कुठेतरी टण्णकन आपटतं, आणि मग बटणं मोकळी होतात. त्या आवाजाशिवाय या पेटीत मजा काय? पेटी पाच, दहा आणि पंचवीस सेंटची नाणी घेते. आपला रुपया टाकून बघितलाच मी, पुणेकर आहे. चालत नाही. अमेरिकेतलं पाच सेंटचं नाणं तांबं आणि निकेलचं, त्याला लोहचुंबक चिकटत नाही. आपला रुपया पोलादाचा, त्याला चिकटतो. आणि लोखंडाच्या खोट्या चकत्या पकडायला नाण्याच्या वाटेवर लोहचुंबकच बसवलेला असतो. माझा रुपया तिथेच लटकला, तो काढायला अर्धा तास गेला. तेव्हा भारतात पेटी आणणाऱ्यांनी येताना पाच सेंटचे वीस-पंचवीस निकेल आणावेत आणि एका वाटीत पेटीशेजारी ठेवावेत. तीच नाणी फिरत राहतात.

सगळ्यांत जास्त वेळ शंभर गाणी निवडण्यात जातो, आणि जायला हवा. फोनवर लाखो गाणी आहेत, म्हणून तर आपण काहीच धड ऐकत नाही. इथे शंभरच जागा. मला आधी वाटलं गीतरामायण घालू. पुणे आकाशवाणीवर ते १९५५मध्ये सुरू झालं, म्हणजे पेटीच्याच पिढीतलं. पण ५६ गाणी म्हटल्यावर अर्ध्याहून जास्त पेटी त्यातच जाणार, शिवाय ती निवांत बसून क्रमाने ऐकायची. नाणं टाकून मधलंच एक ऐकणं मनाला पटेना. या पेटीला तीन मिनिटांचं गाणं शोभतं. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तेवढंच मावायचं, आणि बालगंधर्वांपासून ज्योत्स्ना भोळ्यांपर्यंत सगळ्यांना तेवढ्यात काय ते सांगावं लागे. तसं सांगितलेलं निवडा. घरातल्या प्रत्येकाला काही जागा वाटून द्या, नाहीतर भांडणं होतात. आमच्याकडे झाली.

चिठ्ठ्या तीन इंच रुंद, एक इंच उंच. वर एक गाणं, मधे गायकाचं नाव, खाली दुसरं गाणं. देवनागरीत छापा, वेलांट्या-मात्रांना वर जागा लागते म्हणून अक्षर जरा बारीक घ्या. जुन्या चिठ्ठ्या फेकू नका, पाकिटात घालून पेटीतच ठेवा. त्याच पाकिटात तीन तारांची आकृती आणि ठोक्यांचा तक्ताही ठेवा, पुढे कोणी उघडलं तर त्याला कळायला. आम्ही के ची ओळ रिकामी ठेवली होती, पुढेमागे सुचेल ते घालू म्हणून. नातीने त्यातल्या तीन जागा तिच्या कोरियन गाण्यांसाठी आधीच बळकावल्या आहेत, आणि वाटीतले निकेल सध्या बहुतेक तिच्याच खिशात असतात.