शिफारशीचे मोल

नव्या कंपनीला पहिले गिऱ्हाईक कोठून मिळते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत फारसा येत नाही. भांडवल कसे उभे राहते, किंमत कशी ठरते, नफ्याची वाटणी कशी होते, याची चर्चा तेथे असते; गिऱ्हाईक मात्र बाजारात आधीपासूनच उभे आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ज्याला आज ‘स्टार्टअप’ म्हणतात त्या नवोद्योगाची सर्वांत मोठी विवंचना हीच असते. त्याच्याजवळ नाव नसते आणि पत नसते. जाहिरातीसाठी पैसा बहुधा नसतो, आणि असला तरी अनोळखी माणसाने स्वतःची केलेली स्तुती कोणी मनावर घेत नाही. म्हणून ज्यांच्या शब्दावर चार लोक विश्वास ठेवतात अशांच्या तोंडून आपले नाव निघावे, अशी त्याची खटपट सुरू होते. हे चार लोकांत वजन असलेले म्हणजे कोणी बडे आसामी नव्हेत. स्टाफरूममधील शिक्षक, कचेरीतील कारकून, वसतिगृहातील विद्यार्थी, अशीच ही मंडळी आहेत. ‘या लिंकवरून ॲप घ्या, तुम्हालाही पैसे मिळतील आणि मलाही,’ असा निरोप गेल्या काही वर्षांत ज्यांच्या मोबाईलवर आला नाही असा सुशिक्षित मनुष्य आज विरळाच. या व्यवहारात कंपनीचे काय खर्च होते याचा हिशेब तिच्या वहीत असतो. निरोप पाठविणाऱ्याचे काय खर्च होते, तो हिशेब मात्र कोठेच मांडलेला नसतो.

तोंडी शिफारशीचे सामर्थ्य हे मोबाईल युगाचे अपत्य नव्हे. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचे संकरित बियाणे बाजारात आले. ते शेतकऱ्यांत कसे पसरले याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी केला व तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी नवे बियाणे स्वीकारले होते. बियाण्याची पहिली वार्ता बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती. परंतु ज्यांनी ते मागाहून स्वीकारले, त्यांचे मन वळविण्यात शेजाऱ्याचा वाटा मोठा होता. यात नवल काही नाही. विक्रेत्याचे बियाणे विकले गेले की त्याचे काम संपते. शेजाऱ्याने आपले शेत पणाला लावलेले असते, आणि त्याचा सल्ला चुकीचा निघाला तर पुढील वीस वर्षे त्याला त्याच बांधावर आपल्याला तोंड दाखवायचे असते.

शिफारस ही एक प्रकारची जामीनकी आहे, असे म्हणतात ते याच अर्थाने. पगारदार नोकरांच्या पतपेढीतून ज्यांनी कधी कर्ज काढले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. दोन सहकाऱ्यांच्या सह्या मिळवताना कर्जदार आपली पत उघडी करून दाखवीत नाही. तो त्यांची पत वापरतो. तोंडी प्रसिद्धीवर वाढणारा नवोद्योगही तेच करतो. फरक इतकाच की तेथे जामिनाला आपण कागदावर सही करीत आहोत हे ठाऊक असते.

या जामीनकीचा पहिला आधुनिक चमत्कार हॉटमेलचा. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी ही मोफत ई-पत्रांची सेवा सुरू केली. तिच्यात भांडवल गुंतविणाऱ्या मंडळींच्या सूचनेवरून प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप छापली जाऊ लागली: आपणही येथे मोफत खाते उघडा. पत्र लिहिणाऱ्याने शिफारस करण्याचे मनात आणलेही नव्हते. पण पत्र ओळखीच्या माणसाकडून येत होते, आणि सेवा चालते याचा पुरावा ते पत्र स्वतःच होते. सुमारे दीड वर्षात खात्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली व १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. स्वीडन आणि भारत या देशांत हॉटमेलने जाहिरात अशी केलीच नव्हती, तरी तेथे ती सर्वांत मोठी सेवा ठरली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या वेगाची कल्पना येते.

व्हॉट्सॲपची कथा याच जातीची, पण अधिक बोलकी आहे. २००९ मध्ये निघालेल्या या कंपनीला २०१४ मध्ये फेसबुकने १,९०० कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा तिचे वापरकर्ते ४५ कोटींच्या आसपास होते आणि प्रसिद्धीवर तिने एक डॉलरही खर्च केलेला नव्हता. कारण उघड होते. ही वस्तू एकट्याने वापरताच येत नाही. रत्नागिरीचा किंवा गोव्याचा मुलगा आखातात नोकरीला असेल आणि त्याला घरी फुकट छायाचित्रे पाठवावयाची असतील, तर आईच्या फोनवरही ते ॲप घालून देणे त्याला भागच होते. त्याने कंपनीचा प्रचार केला असे म्हणता येणार नाही. त्याने आपली गरज भागवली, आणि कंपनी त्यात वाढली.

परंतु प्रत्येक वस्तूच्या नशिबी असा योग नसतो. येथून पुढे गणित सुरू होते, आणि ते थोडे निष्ठुर आहे. समजा, शंभर गिऱ्हाइकांनी मिळून साठ नवी आणली, त्या साठांनी छत्तीस, छत्तिसांनी एकवीस-बावीस, तर ही साखळी कितीही लांबली तरी मूळचे शंभर धरून एकूण बेरीज अडीचशेपाशी अडते. शंभरांनी शंभराहून अधिक आणले तरच कंपनी आपल्या पायांनी वाढते. साठ ते शंभर हे अंतर वस्तूच्या गुणांनी भरून निघत नसेल तर ते बक्षिसाने भरून काढावे, हा विचार व्यवस्थापकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संगणकातील दप्तर दूरच्या यंत्रावर साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्स या कंपनीने ते केले. जाहिरात करून एक गिऱ्हाईक मिळवण्यास तिला दोनशेहून अधिक डॉलर पडत होते आणि वस्तूची वर्षाची किंमत होती ९९ डॉलर. म्हणजे प्रत्येक विक्रीगणिक दिवाळखोरीकडे एक पाऊल. मग तिने मित्राला आणणाऱ्याला आणि त्या मित्राला, दोघांनाही जादा साठवण-जागा देण्यास आरंभ केला. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेले वापरकर्ते जानेवारी २०१० मध्ये चाळीस लाख झाले. हे बक्षीस रोख नव्हते, ही गोष्ट माझ्या मते महत्त्वाची. ज्याला ती वस्तू खरोखर वापरावयाची आहे त्यालाच जादा जागेचे अप्रूप; इतरांना तिचे करावयाचे काय?

तिच्या आधी पेपालने रोख रक्कम देऊन पाहिली होती. २००० च्या आगेमागे ही कंपनी नव्या खातेदाराला दहा डॉलर व त्याला आणणाऱ्याला दहा डॉलर देत असे. खाती झपाट्याने वाढली आणि तिजोरी तितक्याच झपाट्याने रिकामी होऊ लागली. पुढे बक्षीस कमी करीत नेऊन थांबवावे लागले. तरी पेपाल तगली, कारण ईबे या लिलावाच्या बाजारातील छोट्या विक्रेत्यांना पैसे स्वीकारण्याचे सोयीचे साधन हवेच होते, व ते आपल्या गिऱ्हाइकांना आपणहून पेपालचे नाव सांगू लागले होते. २००२ मध्ये ईबेने ती कंपनी दीडशे कोटी डॉलरला विकत घेतली.

भारतात हा प्रयोग केवळ खासगी कंपन्यांनी केला असे नाही. तो सरकारनेही केला, आणि त्याची घोषणा महाराष्ट्राच्या भूमीवर झाली. नोटाबंदीनंतर ३० डिसेंबर २०१६ रोजी ‘भीम’ हे पैसे देण्याघेण्याचे ॲप सुरू झाले. पुढे १४ एप्रिल २०१७ रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांनी नागपूर येथे त्यासाठी बक्षीस योजना जाहीर केली. दुसऱ्यास भीम वापरावयास लावणाऱ्याला माणशी दहा रुपये मिळणार होते. दिवसाला वीस जण जोडले तर दोनशे रुपये पदरात पडतील, सुट्टीत विद्यार्थ्यांनी हे काम करावे, असे आवाहन त्या भाषणात होते. शिफारशीची आणि दुकानदारांसाठीची अशा दोन योजनांना मिळून सहा महिन्यांकरिता ४९५ कोटी रुपयांची तरतूद होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलचे ‘तेझ’ आले. त्याने शिफारशीचा दर ५१ रुपये ठेवला. आहेराच्या पाकिटातील तो वरचा एक रुपया कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे, पण आपल्या समाजाची नाडी त्याने बरोबर ओळखली होती.

याचा परिणाम आज दिसतो आहे. यूपीआयवरील व्यवहारांपैकी सुमारे ऐंशी टक्के दोन खासगी कंपन्यांच्या ॲपवरून होतात. भीमचा वाटा अगदी अल्प आहे. दहा रुपयांनी लोक दारापर्यंत आले, परंतु घरात राहिले नाहीत. ते राहिले तेथे, जेथे व्यवहार अडत नव्हता आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या गाडीवर चौकोनी ठिपक्यांची पाटी लागली होती. बक्षीस बंद झाल्यावर लोक बोलत राहतात का, हीच शिफारशीवर वाढणाऱ्या उद्योगाची खरी परीक्षा. बंगळूरच्या झेरोधा या शेअर दलालीच्या कंपनीने २०१० मध्ये काम सुरू केले ते बाहेरचे भांडवल न घेता आणि जाहिरातीवर जवळजवळ खर्च न करता. शिफारस करणाऱ्याला दलालीतील हिस्सा देण्याची सोय तिनेही काही काळ ठेवली होती. परंतु व्यवहाराच्या रकमेवर टक्केवारी न लावता प्रत्येक सौद्याला जास्तीत जास्त वीस रुपये घेणे ही गोष्टच मुळी अशी होती की रोज सौदे करणारा मनुष्य ती दुसऱ्याला सांगितल्यावाचून राहिला नसता. आज तिचे ग्राहक एक कोटीहून अधिक आहेत. आता इतक्या सर्वांनी शेअर बाजारात उतरणे त्यांच्या हिताचे होते का, हा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. शिफारस करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो स्वतःला विचारला असेल, याविषयी मला शंका आहे.

बक्षीस आणि वस्तू यांचे प्रमाण बिघडत गेले की एक वेळ अशी येते, जेव्हा वस्तू उरतच नाही. केवळ शिफारस उरते. तिचेच नाव साखळी योजना. येथील गणित शाळकरी मुलालाही करून पाहता येईल: प्रत्येकाने सहा सभासद आणावयाचे ठरवले तर अकराव्या पायरीला छत्तीस कोटी लोक लागतात आणि बाराव्या पायरीला दोनशे सतरा कोटी, म्हणजे भारताच्या लोकसंख्येहून कितीतरी अधिक. अशा बक्षीस-चिठ्ठ्या व पैसा फिरविण्याच्या योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीच्या कंपन्यांसाठी झालेल्या नियमांनीही साखळी योजनांना मनाई केली. १९७८ चा कायदा असूनही स्पीक एशिया प्रकरण घडलेच. सुमारे अकरा हजार रुपये भरून सभासद व्हावे, घरबसल्या इंटरनेटवर प्रश्नावल्या भराव्यात आणि दर आठवड्यास पैसे मिळवावेत, अशी ती योजना होती. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे ते प्रकरण गेले तेव्हा देशभरातील लाखो सभासदांचे पैसे अडकलेले होते. अशा योजना अनोळखी ठकाच्या बोलण्याने पसरत नाहीत. मेव्हणा मेव्हण्याला सांगतो, शिक्षक सहशिक्षकाला सांगतो, आणि सांगणाऱ्याला पहिले काही हप्ते खरोखरच मिळालेले असतात. कंपनी परागंदा होऊ शकते. मेव्हणा कोठे जाणार? बुडालेले पैसे कालांतराने विसरले जातात, पण लग्नकार्यात समोरासमोर आल्यावर चुकवलेली नजर विसरली जात नाही.

अर्थात बक्षीस देणारी प्रत्येक कंपनी ठक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या माणसाला बाजारात पाय ठेवण्यास वाव हवाच, आणि कोट्यवधींच्या जाहिराती करू शकणाऱ्या जुन्या कंपन्यांपुढे त्याच्या हाती दुसरे शस्त्र नसते. माझा आक्षेप आहे तो लपवाछपवीला. महाविद्यालयांतून ‘कॅम्पस ॲम्बॅसेडर’ म्हणून नेमलेला विद्यार्थी वर्गमित्राला एखादा अभ्यासक्रम सुचवतो, तेव्हा तो मित्र म्हणून बोलत आहे की अडत्या म्हणून, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. कळल्यावरही ऐकणारा तो अभ्यासक्रम घेईल, कदाचित आनंदाने घेईल. पण मग तो फीचा आकडा दुसऱ्यांदा वाचील, आणि तेवढे पुरे आहे.

प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वस्तूची भलावण करणाऱ्याचे कंपनीशी आर्थिक संबंध असतील तर ते उघड करणे त्यांनुसार आवश्यक झाले. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी मंडळींसाठी त्याचा अधिक खुलासा करण्यात आला. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, इंटरनेटवरील ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने मानक तयार केले. ते ऐच्छिक स्वरूपाचे होते. या साऱ्याचा रोख नटनट्या, खेळाडू व लाखो अनुयायी असलेल्या व्यक्तींवर आहे. नटाने साबणाची स्तुती पैसे घेऊन केली हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शेजाऱ्याने, आत्येभावाने किंवा वर्गशिक्षकाने पाठविलेल्या निरोपामागे किती रुपये आहेत हे ठाऊक नसते, आणि विश्वास तर त्याच निरोपावर अधिक बसतो.

तेव्हा मागणी साधी आहे. बक्षिसाच्या बोलीवर पाठविला जाणारा निरोप कंपनीच तयार करून देते. त्या मजकुरात घेणाऱ्याचा लाभ ठळक असतो आणि पाठविणाऱ्याचा अनेकदा मोघम किंवा गाळलेला असतो. त्याच मजकुराच्या तळाशी, आपण खाते उघडल्यास हा निरोप पाठविणाऱ्यास अमुक रुपये मिळतील, अशी एक ओळ मराठीसह सर्व भाषांत आपोआप छापली जावी. हॉटमेलने १९९६ मध्ये स्वतःच्या लाभाची ओळ कोट्यवधी पत्रांखाली घातली होती, तेव्हा तांत्रिक अडचणीची सबब कोणास सांगता यावयाची नाही. नव्या कायद्याचीही गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्राधिकरणाला मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि २०२२ च्या तत्त्वांत तेवढी एक भर घालणे त्याच्या हाती आहे.