एकदाच वापरायची तार

अँजिओप्लास्टीच्या बिलात ‘गाईडवायर’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. जाडी जेमतेम ०.३६ मिलिमीटर, टोक मऊ, वर निसरडा लेप. फुगा आणि स्टेंट या तारेवरूनच हृदयाच्या धमनीत सरकवतात. वेष्टनावर ‘एकदाच वापरा’ असे छापलेले असते. तरीही काही ठिकाणी ती धुऊन दुसऱ्या रुग्णाला वापरली जाते. “निर्जंतुक केली की झाले!” हा युक्तिवाद मला मान्य नाही. जंतू मेले तरी वाकलेले टोक पूर्ववत होत नाही, सोललेला लेप परत येत नाही. कमकुवत तार धमनीत तुटू शकते. शिवाय नव्या तारेचे पैसे लावणे ही सरळ फसवणूक आहे. संकोच करू नका. वेष्टनावरचे स्टिकर तुमच्या फाइलमध्ये लावून मागा. तो तुमचा हक्क आहे.