चंदेरी म्हणजे नेमका कुठला रंग?

एक सोपा प्रश्न. शाळेत असताना विमानाचं चित्र काढलंत, तर ते कुठल्या रंगानं रंगवायचात? 'सिल्व्हर' म्हणाला असाल, तर पुढचं वाचाच. कारण गेले चार महिने रात्री जेवणं आटोपली की मी याच एका प्रश्नाशी खेळत बसलेय, की सिल्व्हर म्हणजे नेमका कुठला? आणि बॉस, उत्तर एका डबीत मिळत नाही.

माझ्या टेबलावर सध्या लॅपटॉपच्या शेजारी एक मिग-21 उभं आहे. 1/48 स्केलचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. खऱ्याचा पंखविस्तार 7.15 मीटर, माझ्याकडच्याचा जेमतेम 15 सेंटिमीटर. प्लॅस्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे, असा हा स्केल मॉडेलिंगचा छंद. (दुकानात गेले की अजूनही विचारतात, "भावाला गिफ्ट का?" नाही हो, मलाच!) कापणं-चिकटवणं सूचनांचा कागद वाचून कुणालाही जमतं. खरी मजा आणि खरी झोपमोड आहे ती रंगकामात.

आबांचं विमान

मिग-21च का? तर आबांमुळे. माझे आजोबा नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या कारखान्यात होते. 1969 मध्ये लागले ते थेट रिटायर होईपर्यंत. भारतात मिग-21 बांधली गेली ती ओझरला. इंजिनं ओडिशातल्या कोरापूटहून यायची, विमानाचं अंग ओझरचं. आबा पत्र्याच्या कामात.

हे विमान हवाई दलात आलं 1963 मध्ये. त्याचा निरोप समारंभ झाला 26 सप्टेंबर 2025 ला, चंदिगडमध्ये. त्या दिवशी टीव्हीवर एकीकडे सलामी आणि दुसरीकडे अपघातांची उजळणी. 'उडती शवपेटी' हे शब्द कानावर पडले तसा आबांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. अपघात झाले, वैमानिक गेले, हे खरंच आहे आणि आबा ते कधी नाकारत नाहीत. पण माझ्या पिढीला मिग-21 माहीत आहे ते फक्त त्या बातम्यांतून. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला केला तो याच विमानांनी, हे मलाही या मॉडेलच्या नादात कळलं. आणि सुरुवातीच्या वर्षांत ही विमानं रंगाशिवाय, नुसत्या उघड्या धातूच्या अंगानं उडायची हेसुद्धा.

आबांच्या शोकेसमध्ये एक शोभेचं मिग आहे. चकचकीत, नाकापासून शेपटीपर्यंत एकच चंदेरी. मी त्याचे फोटो काढत होते, तर आबा म्हणाले, "ते काय बघतेस? तो चमचा आहे."

"मग खरं कसं दिसायचं?"

"अगं, सगळा पत्रा एका रंगाचा असतो का कधी? पत्रा लाटताना त्याला रेघ पडते. ती उभी बसली की एक रंग दिसतो, आडवी बसली की दुसरा. आणि शेपटीकडचा तर तापून तापून वेगळाच."

झालं, मला पुढच्या चार महिन्यांचं काम मिळालं.

आधी काळं, मग चंदेरी

हिरवं-तपकिरी कॅमोफ्लाज त्या मानानं दयाळू असतं, खालचे बारीक ओरखडे पोटात घालतं. धातूचा रंग मात्र चुगलखोर. आल्क्लॅडसारखे लॅकर मेटॅलिक रंग इतके पातळ बसतात की खाली जे असेल तेच वर दिसतं. म्हणून पक्की चमक हवी असेल तर खाली आरशासारखा ग्लॉस ब्लॅक द्यायचा. आणि त्याच्याही आधी वॉटर पेपर. 1000 नंबर, मग 2000, मग त्याहून बारीक. पाण्यात बुडवून, कंटाळा येईपर्यंत घासायचं. कंटाळा आल्यावर आणखी थोडं.

मग एअरब्रशनं, 12 ते 15 पीएसआय प्रेशरवर, पातळ पातळ थर. एक पॅनल 'डार्क अल्युमिनियम', शेजारचं 'व्हाइट अल्युमिनियम', मधलं 'ड्युराल्युमिन'. दर वेळी कडेनं मास्किंग टेप, तीसुद्धा आधी तळहातावर चिकटवून चिकटपणा थोडा मारलेली. शेड्समधला फरक इतकाच ठेवायचा की लांबून कळू नये, पण मॉडेल हातात फिरवलं की जाणवावा. जास्त झाला की विमानाची गोधडी!

आणखी एक गोष्ट. फूटभर लांबीच्या वस्तूवर खऱ्याइतकी चमक ठेवली की ते खेळणं वाटतं. खरं विमान आपण दुरून बघतो आणि मधली हवा त्याची चमक थोडी मारते. मग ही चमक मारायची कशानं? इथे एंट्री होते ऑइल कलरची.

मग येते कॅम्लिनची ट्यूब

हो, तीच. आर्ट मटेरियलच्या दुकानात मिळणारे, कॅनव्हासवर वापरायचे साधे तैलरंग. ॲक्रिलिकमधलं पाणी उडतं आणि रंग काही मिनिटांत वाळतो. ऑइल कलरचा मामला वेगळा. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं आणि त्याला दिवस लागतात. आपलं सगळं आयुष्य 'ईओडीपर्यंत पाठव' वर चाललेलं, आणि हा रंग म्हणतो, परवा बघू! पण त्याच्या या आळशीपणातच सगळा फायदा आहे. लावलेलं पुढचे काही तास हलवता येतं, पसरवता येतं, पूर्ण पुसूनही टाकता येतं.

पद्धत सोपी. रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून तासभर ठेवायचा, म्हणजे जादा तेल पुठ्ठा पितो. मग पॅनलवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके: पेन्स ग्रे, बर्न्ट अंबर. चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करायचा आणि ठिपके ओढायचे. पंखावर पुढून मागे, जशी हवा वाहते. अंगावर वरून खाली, जसं पावसाचं पाणी ओघळतं. लावलेल्यातला बहुतेक रंग पुसूनच जातो. उरतो तो नुसता पडदा, आणि त्याच्यातून खालचा धातू दिसत राहतो.

आबांची 'रेघ' मला इथे सापडली. जरा राठ केसांचा ब्रश एकाच दिशेनं ओढला की ऑइलच्या पडद्यात बारीक रेषा उमटतात. एका पॅनलवर उभ्या, शेजारच्यावर आडव्या. खाली रंग एकच, पण दिव्याखाली दोन पत्रे वेगळे दिसायला लागले. रात्रीचा दीड वाजला होता आणि मी एकटीच "येस!" म्हणून ओरडले.

शेपटीचा भाग सगळ्यात भारी. रिकामं स्टीलचं पातेलं गॅसवर राहिलं की बुडाला पिवळा, जांभळा, निळा रंग चढतो, बघितलंय ना? तापलेल्या स्टीलवर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो, त्याची ती करामत. मॉडेलवर तोच क्रम पाळायचा. जिथे आग जास्त तिथे निळा, मग जांभळा, मग तपकिरी आणि सगळ्यात लांब फिकट पिवळा. प्रत्येक रंग पारदर्शक आणि पाण्यासारखा पातळ, आधीचा वाळल्यावरच पुढचा. या चार बोटांच्या जागेला मला अकरा दिवस लागले.

गेल्या रविवारी मिग ओझरला नेलं. आबांनी चष्मा वर सरकवला, खिडकीपाशी नेऊन ते हळूहळू फिरवलं. "शेपूट बरी झालीय," म्हणाले. "पंख अजून चमचाच आहेत." मग अंगठा एका पॅनलवर ठेवून बोलायला लागले आणि तासभर थांबलेच नाहीत. कुठला पत्रा बसायला त्रास द्यायचा, कुठल्या रिव्हेटच्या रांगेपाशी हात पोचायचा नाही. अपघातांचा विषय त्यांनीच काढला. "बातमी आली की आम्ही आधी विमानाचा नंबर विचारायचो," ते म्हणाले. "आपल्या हातचं होतं का, ते कळायला." हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

या आठवड्यात पंखांवरचं ऑइल टर्पेंटाइननं पुसून पुन्हा लावतेय. आबांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय.

वीकेंडला ट्राय करायचंय?

• पहिला प्रयोग मॉडेलवर नको. जुन्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर ग्लॉस ब्लॅक आणि मेटॅलिक मारून बघा.

• मेटॅलिक रंग लॅकरचा असेल तर एक दिवस पूर्ण वाळू द्या, मगच ऑइल. इनॅमल मेटॅलिकवर टर्पेंटाइन थेट लावू नका, खालचा रंग सुटतो.

• चार ट्यूब पुरतात: पेन्स ग्रे, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू. पांढरा लांब ठेवा, तो धातू झाकून टाकतो.

• वरून वार्निश द्यायची घाई नको, त्यानं धातूची चमक उतरू शकते.

• लॅकर आणि टर्पेंटाइन दोन्हींचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी, मास्क तोंडावर आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत!