छपरावरचा जमाखर्च

सांगलीच्या पेठेतील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. हळदीची अडत, तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब, दुमजली वाडा पाडून बांधलेले घर आणि वर मोकळी गच्ची. घरातील वडीलधाऱ्या अण्णांनी मनाशी ठरविलेले, की गच्चीभर आठ किलोवॅटची सौर पॅनेले बसवावीत, घरापुरती वीज वापरावी आणि उरलेली कंपनीला विकावी. माल रोज आपोआप तयार होणार, गिऱ्हाईक तारेने दाराशी बांधलेले. दलाली नाही, हमाली नाही. धाकट्या मुलाला मात्र विजेवर चालणारी मोटार हवी होती. पैसा निघणार होता तो एकाच सामाईक खात्यातून, त्यामुळे दोघांपैकी एकालाच होकार मिळेल, असे सगळे धरून चालले होते. पेढीची खातेवही पाहणाऱ्या थोरल्या सुनेने तेवढे सुचविले, की आधी हिशेब मांडावा.

महाराष्ट्रात एक किलोवॅटची पॅनेले दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात. वैशाखात अधिक, आषाढात पुष्कळ कमी. त्यांना साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. घराचा वापर महिन्याला 330 युनिटचा. म्हणजे तीन किलोवॅटमध्ये घर भागते. मग आठ कशाला, हा पहिला प्रश्न.

अण्णांचे उत्तर तयार होते: विक्रीसाठी. पण ही विक्री नेहमीच्या अडतीसारखी नसते. नेट मीटर दोन नोंदी ठेवतो, तारेतून घरात आलेल्या युनिटांची आणि घरातून तारेत गेलेल्या युनिटांची. दुपारी घर शांत असताना वीज बाहेर जाते, ती जमा. रात्री घर वीज खेचते, ती नावे. महिन्याअखेर जी शिल्लक राहते ती पैशांत नव्हे, युनिटांतच पुढच्या महिन्यात ओढली जाते. बिलातील स्थिर आकार यात माफ होत नाही, तो द्यावाच लागतो. 31 मार्चला हे खाते बंद होते. व्यापाऱ्याचे वर्ष आणि सौर खात्याचे वर्ष एकच, हा योग मोठा गमतीचा. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचे आयोगाने ठरविलेल्या दराने पैसे होतात आणि 1 एप्रिलला पाटी कोरी.

खरी मेख या दरात आहे. घराने वापरलेले युनिट बिलातील वरच्या टप्प्याचा दर वाचविते. वर्षाअखेरीस विकलेल्या युनिटाला मिळतो तो त्याहून बराच कमी, जवळपास घाऊक दर. एकाच मालाचे हे दोन भाव. सुनेने दुसरी गोष्टही दाखविली. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 असे एकूण 78,000 रुपयांचे अनुदान आहे. तीनच्या पुढे बसविलेल्या प्रत्येक किलोवॅटचा खर्च पूर्णपणे घरचा. आठ किलोवॅटमधून वर्षाला साडेअकरा हजारांच्या आसपास युनिट निघाले असते आणि घराने वापरले असते चार हजारांहूनही कमी. उरलेला सगळा माल घाऊक भावात. अण्णांनी चष्मा पुसला आणि आकडे पुन्हा वाचले.

मोटारीचा प्रश्न येथे वेगळ्याच वाटेने आत आला. सांगली-कोल्हापूर खेपा आणि गावातील फिरणे धरून धाकट्याचे महिन्याचे 1,200 किलोमीटर होतात. साधारण विजेची मोटार एका युनिटात सहा किलोमीटर जाते. म्हणजे महिन्याला 200 युनिट. जी वीज अण्णा तारेवर स्वस्तात विकणार होते, तीच मोटारीत भरली तर पेट्रोलची जागा घेते. घर आणि मोटार मिळून वर्षाला 6,360 युनिट होतात आणि पाच किलोवॅटमधून सुमारे सात हजार निघतात. धूळ, ढग आणि पावसाळा यांची तूट त्यात खपते. बापलेकांचा वाद दोन खर्चांमधला होता. वहीत मात्र ते एकाच खर्चाच्या दोन बाजू ठरले.

विक्रीच्या दराची ही कथा एकट्या महाराष्ट्राची नाही. जर्मनीने 2000 सालच्या कायद्याने छपरावरच्या विजेला वीस वर्षांसाठी घसघशीत भावाची हमी दिली. पॅनेले स्वस्त होत गेली तसा नव्या ग्राहकांचा भाव उतरत उतरत मूळच्या एका लहान अंशावर आला. कॅलिफोर्नियात एप्रिल 2023 पासून नव्याने जोडणी मागणाऱ्यांना तारेत सोडलेल्या विजेचा मोबदला आधीच्या मानाने सुमारे पाऊणपट घटला. कारण साधे आहे. दुपारी प्रत्येक छप्पर तोच माल बाजारात आणते, आणि आवक वाढली की भाव पडतो; हे अडत्याला कोणी शिकवावयास नको. भारतातही जून 2023 च्या केंद्रीय नियमांनी उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि मागणीच्या तासांत महाग, असा दराचा कल आखून दिला आहे. दुपारच्या युनिटाने संध्याकाळचे युनिट फेडण्याची सोय कायम तशीच राहील, यावर घर बांधणे धोक्याचे.

म्हणून शक्य तेवढी वीज दिवसाच वापरणे बरे. रविवारी मोटार दारात असते तेव्हा पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरही ती तासाला सुमारे तीन युनिट घेते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांना तर येथे आपसूक लाभ आहे. त्यांचा संध्याकाळचा स्वयंपाकही उजेडात होतो, आणि इंडक्शनची शेगडी थेट छपरावरच्या विजेवर चालते.

एक भ्रम मात्र वेळीच दूर व्हावा. तारेची वीज गेली की ही पॅनेलेही भर उन्हात बंद पडतात. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराला घराघरांतून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. वेगळी बॅटरी असली तरच घर उजळते. मोटारीच्या बॅटरीत तीस-चाळीस युनिट पडून असतात, ती घराला का देऊ नयेत, हे धाकट्याने विचारलेच. जपानमध्ये 2011 च्या भूकंपानंतर निसानने लीफ मोटारीतून घर चालविण्याचे साधन बाजारात आणले. मोटारीने तारेला वीज परत विकावी, ही कल्पना अमेरिकेत विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे यांनी 1997 मध्येच मांडली होती. भारतात सामान्य ग्राहकाला तशी विक्री अजून सर्रास करता येत नाही. काही मोटारींतून एखादे उपकरण चालविता येते, इतकेच.

शेवटी मागणी पाच किलोवॅटचीच नोंदविली गेली. अण्णांनी एक अट घातली: गच्चीचा दक्षिणेकडील कोपरा मोकळा ठेवावा. तेथे पापड-कुरडया वाळतात, आणि त्या उन्हाचा भाव कोणत्याही आयोगाने अद्याप ठरविलेला नाही.