अक्षता टाकणारे हात

नोरा रॉबर्ट्सच्या २००९-१०मधल्या चार प्रेमकादंबऱ्यांत बालमैत्रिणी मिळून लोकांची लग्नं पार पाडतात: एक फोटो काढते, एक फुलं सजवते, एक केक करते, एक सगळ्यावर नजर ठेवते. वाचताना मला आपलं सोलापूरच आठवत राहिलं. संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वर आणि कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो. सात नंदीध्वज येतात, संमती वाचली जाते, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त अक्षता टाकतात. उंच नंदीध्वज पेलतो एकजण, पण तोल सांभाळायला सोबती लागतातच. लग्नाचंही तसंच. ते दोघांचं असतं, पण तडीस नेतात जीवाभावाची माणसं. ती जपायला हवीत.