गुलाबी शहराचा हजेरीपट

राजस्थान सरकारने चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या ५३,७४९ जागांसाठी २०२५ मध्ये अर्ज मागवले, तेव्हा सुमारे २४ लाख ७६ हजार उमेदवारांनी ते भरले. एका जागेसाठी सेहेचाळीस अर्ज! पात्रता दहावी उत्तीर्ण एवढीच असताना अर्जदारांत पदवीधर होते, पदव्युत्तर शिक्षण घेतलेलेही होते. विशेष म्हणजे, याच सरकारने अवघ्या काही महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२४ मध्ये, जयपूरला ‘रायझिंग राजस्थान’ परिषद भरवून ३५ लाख कोटी रुपयांच्या सामंजस्य करारांची घोषणा केली होती. करारांचे आकडे खरे मानावेत, तर शिपायाच्या जागेसाठी ही झुंबड का उडावी? आणि झुंबड खरी असेल, तर त्या करारांतून निघणारे रोजगार आहेत कोठे? या दोन आकड्यांमधील दरीत जयपूर शहराचे सारे राजकीय अर्थशास्त्र दडलेले आहे.

ही दरी पाहायची असेल तर हवामहालापेक्षा मालवीय नगर अधिक बोलके आहे. जवाहरलाल नेहरू मार्गाच्या कडेला वसलेल्या या भागात आधुनिक जयपूरची सगळी अंगे एकत्र आली आहेत. ज्या तंत्रशिक्षण संस्थेला पंडित मदनमोहन मालवीयांचे नाव आहे, ती १९६३ मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था बनली आणि २००७ च्या संसदीय कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. जवळच ‘रिको’ या राज्य औद्योगिक महामंडळाची वसाहत आहे. २०१२ मध्ये उघडलेले वर्ल्ड ट्रेड पार्क हे भव्य व्यापारी संकुल आहे, मोठी खासगी रुग्णालये आहेत, आणि दिग्गी पॅलेस सोडल्यानंतर २०२२ पासून जयपूर साहित्य महोत्सवाने ज्याचा आश्रय घेतला ते हॉटेलही याच रस्त्यावर आहे. विमानतळ हाकेच्या अंतरावर. अभियंते आहेत, जागा आहे, रस्ता आहे, विमान आहे. हजारो माणसे कामाला लावणारा मालक तेवढा नाही. वसाहतीत लघुउद्योग आहेत. पण महाविद्यालयातून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या अभियंत्याला गुरुग्राम, पुणे किंवा बंगळूरची वाट धरावी लागते.

याचे खापर अनेकदा शहराच्या सांस्कृतिक वैभवावर फोडले जाते. वारसा जपायचा तर कारखाने कसे उभारणार, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवलेले हे शहर मुळात कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना बोलावून, त्यांना पेठा आखून देऊन उभे केले होते. ज्या नगररचनेला २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, ती केवळ राजवाड्याची नव्हे, तर बाजाराचीही रचना आहे. तीन शतकांपूर्वी ज्या राजाला शहर म्हणजे रोजगार हे कळले होते, त्याच्या वारशाचा दाखला देऊन रोजगार नाकारणे हा इतिहासावर अन्याय आहे.

पाण्याचे कारण त्यापेक्षा वजनदार आहे, हे मान्य करावे लागेल. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ज्या रामगढ तलावात नौकानयनाच्या शर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला आणि शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या बिसलपूर धरणाचे पाणी २००९ मध्ये जयपूरला आणावे लागले. पण पाणीटंचाई हेच अंतिम उत्तर असते, तर महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, औद्योगिक शहर झालेच नसते.

ही तुलना मराठी वाचकाने बारकाईने पाहावी अशी आहे. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही स्थळे १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. पर्यटनावर संतुष्ट राहायचे, तर त्या शहराला जयपूरइतकीच सबब होती. परंतु महाराष्ट्राने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले, मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलतींची योजना आखली आणि ती सरकारे बदलली तरी चालू ठेवली. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यामागून सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक उभे राहिले, त्यांच्यामुळे कुशल कामगार तयार झाला, आणि त्या कामगाराच्या भरवशावर २००१ मध्ये स्कोडा शेंद्र्याला आली. जायकवाडीचे पाणी उशाला असूनही नळ कोरडे, ही त्या शहरातील नागरिकांची तक्रार रास्त आहे आणि औद्योगिकीकरणाने सारे प्रश्न सुटले असे कोणी म्हणणार नाही. तरीही लेण्या पाहायला आलेला पाहुणा आणि पाळीवर निघालेला कामगार एकाच शहरात सुखाने नांदू शकतात, हे तेथे सिद्ध झाले.

यातील विसंगती अशी की, ज्या उद्योगसमूहाने वाळूजला काम दिले त्याचे मूळ जयपूर संस्थानातच आहे. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये सीकरजवळील काशी का बास या गावचा. लहानपणी ते वर्ध्याला दत्तक गेले. बिर्लांचे पिलानीही त्याच शेखावाटीतले. शेखावाटीने देशाला भांडवलदार दिले. पण त्यांचे भांडवल कोलकाता, मुंबई, वर्धा, पुणे येथे रुजले. जयपुरात १९४६ मध्ये बिर्लांनी उभारलेला बेअरिंगचा कारखाना हा ठळक अपवाद. स्वातंत्र्यानंतर केंद्राने बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स दिले. राजस्थानच्या वाट्याला आलेले मोठे सार्वजनिक उपक्रम कोटा, उदयपूर आणि खेत्री येथे गेले. जयपूरला १९४९ मध्ये राजधानीचा मान मिळाला, आणि त्याबरोबर मिळाले सचिवालय. तेव्हापासून या शहरातील सर्वांत मोठा मालक सरकार हाच आहे. शिपायाच्या जागेसाठी उडणारी झुंबड ही त्या परंपरेचीच फलश्रुती म्हटली पाहिजे.

उदारीकरणानंतर हे चित्र बदलायला हवे होते. काही प्रमाणात ते बदललेही. जेनपॅक्टने येथे सेवाकेंद्र उघडले. महिंद्रा समूह आणि ‘रिको’ यांच्या भागीदारीतून अजमेर रस्त्यावर वसलेल्या महिंद्रा वर्ल्ड सिटीत इन्फोसिस, डॉइश बँक आली. २०१४ मध्ये तेथे जेसीबीचा कारखाना सुरू झाला. २०१६ मध्ये कूकसला हीरो मोटोकॉर्पने संशोधन केंद्र उघडले. तथापि तीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या (जनगणना २०११) राजधानीच्या मानाने ही यादी तोकडी आहे. मोठे कारखाने आले ते दिल्लीच्या बाजूला. २००६ मध्ये जपानच्या व्यापार संघटनेशी करार होऊन नीमराणाला जपानी वसाहत झाली. हीरोचा कारखाना तेथेच आणि होंडाच्या मोटारी टपूकडाला. ही दोन्ही ठिकाणे तेव्हाच्या अलवर जिल्ह्यात, राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या कक्षेत येतात. गुंतवणूकदार राजस्थानची जमीन घेतो; पण बाजार, अधिकारीवर्ग आणि विमानतळ दिल्लीचे वापरतो. त्याला जयपूरपर्यंत यावेसे वाटण्याजोगे जास्तीचे काही राज्याने देऊ केले नाही.

कामगार कायदे शिथिल केले की कारखाने येतात, या गृहीतकाची परीक्षाही राजस्थानातच झाली. औद्योगिक विवाद कायद्यानुसार शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागे. वसुंधरा राजे सरकारने २०१४ मध्ये ही मर्यादा तीनशेवर नेली. विषय समवर्ती सूचीतील असल्याने राष्ट्रपतींची संमती घेण्यात आली. पुढे तीच मर्यादा संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत आली आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली. म्हणजे राजस्थानने घेतलेली आघाडी कायद्याच्या पुस्तकातूनही पुसली गेली. उलट अशोक गेहलोत सरकारने २०२३ मध्ये देशात सर्वप्रथम गिग कामगारांसाठी कायदा केला. तो स्वागतार्हच होता. पण मालकच ओळखू येत नाही अशा कामगारांसाठी जेथे पहिला कायदा करावा लागतो, तेथे हजेरीपट किती थोड्या हातांत असेल, याची कल्पना करता येते.

मग खरे कारण कोणते? आमच्या मते ते राजकीय आहे. मोठा मालक कोणत्याही शहरात आपोआप येत नाही. जमीन, पाणी, प्रशिक्षण आणि दहा-पंधरा वर्षांचा धोरणात्मक भरवसा यांची सांगड घालून त्याला आणावे लागते. हा निर्णय खर्चिक असतो आणि त्याचे श्रेय बहुधा पुढच्या सरकारला मिळते. १९९३ पासून दर पाच वर्षांनी सत्तापालट करणाऱ्या राजस्थानात असा निर्णय कोण घेणार? म्हणून २००७ आणि २०१५ मध्ये ‘रिसर्जंट राजस्थान’, २०२२ मध्ये ‘इन्व्हेस्ट राजस्थान’, २०२४ मध्ये ‘रायझिंग राजस्थान’ अशा परिषदा होतात. सत्तापालट झाला की फलक बदलतो आणि करारांची मोजदाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पर्यटनाने हा निर्णय पुढे ढकलण्याची सोय करून दिली आहे. रामबाग राजवाड्याचे १९५७ मध्ये हॉटेल झाले तेव्हापासून या शहराने पाहुण्यावर जगण्याची कला आत्मसात केली. पर्यटन पुष्कळांना थोडे थोडे देते : चालकाला, मार्गदर्शकाला, सांगानेरच्या छपाईवाल्याला, जोहरी बाजारातील पैलू पाडणाऱ्याला. त्यामुळे शहर उपाशी दिसत नाही. परंतु ही कमाई ऑक्टोबर ते मार्च या हंगामाची. १३ मे २००८ चे बॉम्बस्फोट असोत वा २०२० ची टाळेबंदी, पहिला घाव याच माणसावर बसला. रत्नव्यवसायाचेही तसेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा ज्याला नगावर मजुरी मिळते त्याच्याकडे ना नियुक्तिपत्र होते, ना भविष्य निर्वाह निधी. धोका कारागिराच्या माथी आणि नफा जमिनीत, असा हा व्यवहार आहे.

जमिनीचा हा मुद्दाच कळीचा आहे. मालवीय नगर विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेपासून सातत्याने एकाच पक्षाकडे राहिला आहे. राज्यात वारे कोणतेही असो, येथे बदल होत नाही. येथील निवृत्त अधिकारी, व्यापारी, घरमालक यांच्या दृष्टीने शहर उत्तम चालले आहे. भूखंडाचा भाव वाढतो आहे. जमिनीचा भाव वाढायला पाहुणा पुरतो, कारखाना लागत नाही. ज्याला कारखान्याची गरज होती तो मुलगा गुरुग्रामच्या भाड्याच्या खोलीत राहतो, आणि मतदानाच्या दिवशी त्याला रजा मिळतेच असे नाही. मोठ्या मालकासाठी जो मतदार आग्रह धरील, तोच शहर सोडून जातो. राहतो त्याला त्याची निकड नसते. अशा शहरात रोजगार हा निवडणुकीचा विषय कसा होणार?

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना आणि पोटासाठी गाव सोडून आलेल्यांना यात आपले प्रतिबिंब दिसले तर नवल नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तेथील तरुण आजही मुंबई-गोव्याची वाट धरतो आणि गणपतीला घर उघडतो. पर्यटन नको, असे कोणी म्हणत नाही. पर्यटन हा पूरक धंदा आहे. त्याला रोजगारधोरणाचा पर्याय मानणे ही चूक आहे.

भजनलाल शर्मा सरकारला काही करायचेच असेल, तर त्याची सुरुवात नव्या परिषदेने होऊ नये. शहरातील औद्योगिक भूखंड व्यापारी वापराकडे सरकू न देणे, मालवीय संस्थेच्या प्रयोगशाळा ‘रिको’च्या वसाहतींशी बांधणे, आणि एखाद्या मोठ्या उद्योगाला पुरवठादारांसह जयपूरच्या परिघात आणण्यासाठी दोन्ही प्रमुख पक्षांना मान्य असा दहा वर्षांचा करार करणे, ही कामे अशक्य नाहीत. त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. २०२४ च्या प्रत्येक करारापोटी किती माणसे प्रत्यक्ष पगारपत्रकावर आली, याचा हिशेब दर अधिवेशनात विधानसभेच्या पटलावर ठेवावा. रुपयांचे आकडे पुष्कळ ऐकून झाले. आता माणसांची मोजणी व्हावी.